बियाण्याची आठवण किती पिढ्या टिकते?

‘हे बियाणं आमच्या रानाला सरावलंय,’ असं मंगळवेढ्याकडचा ज्वारी पिकवणारा शेतकरी म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. घोटाळा होतो तो त्याचं कारण सांगताना. एपिजेनेटिक्स हा शब्द सर्वत्र फिरू लागल्यापासून या सरावण्याचा एक सोपा अर्थ लावला जातो: झाडानं दुष्काळ सोसला, त्याची आठवण बियांत उतरली, आता पुढची पिढी आपसूक काटक निघणार.

मालदांडी ज्वारीचं तसं झालेलं नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात ‘एम ३५-१’ हा वाण मिळाला, तो स्थानिक मालदांडीतून निवड करून. ही रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढते. दाणा भरायच्या वेळी ओल खाली गेलेली असते, जमिनीला भेगा पडलेल्या असतात. अशा रानात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरदार कणसं बियाण्याला राखली आणि पोचट कणसांची झाडं मागे पडत गेली. कोणतंही एक झाड यात काही शिकलं नाही. मुळातच वेगवेगळ्या असलेल्या झाडांपैकी ज्यांच्या जनुकांत टिकाव धरण्याचा गुण होता, त्यांची संख्या रानात वाढत गेली. या कामाचं श्रेय बियाणं राखणाऱ्यांच्या नजरेला द्यायला हवं.

मग एपिजेनेटिक्स म्हणजे काय? यात डीएनएची अक्षरं तीच राहतात. कोणतं जनुक चालू राहावं आणि कोणतं बंद, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा मात्र बदलतात. डीएनएमधल्या सायटोसिनला मिथिल गट चिकटतो, किंवा ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांच्यावर खुणा उमटतात. पोथीतला मजकूर तोच ठेवून समासात ‘हे वाचावं, हे गाळावं’ असं कुणी लिहून ठेवावं, तसं.

याचं उत्तम उदाहरण थंड देशांतल्या हिवाळी गव्हाचं. काही आठवडे थंडी मिळाल्याखेरीज हा गहू वेळेवर ओंबी धरत नाही. त्या थंडीत ‘व्हीआरएन१’ या जनुकाभोवतीच्या खुणा हळूहळू बदलतात आणि जनुक जागं होतं. बर्फ वितळून ऊब आली तरी ते जागंच राहतं. रोपाला सरलेली थंडी आठवते, असं म्हणायला हरकत नाही. पण नवा दाणा तयार होताना या खुणा पुसल्या जातात आणि त्या दाण्यातून उगवणाऱ्या रोपाला पुन्हा थंडी लागतेच. (आपल्याकडच्या गव्हाला ही अट नाही, तो वसंती प्रकारचा आहे.)

नेमकं हेच सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेन्कोनं नाकारलं. थंडी दिलेल्या हिवाळी गव्हाचं कायमचं वसंती गव्हात रूपांतर होतं, असा त्याचा दावा होता. जगभरातून पिकांचं बियाणं गोळा करणारे निकोलाय वाविलोव त्याच्या विरोधात उभे राहिले. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १९४८ मध्ये तर आनुवंशशास्त्रावरच बंदी आली. आज ‘एपिजेनेटिक्समुळे लायसेन्को खरा ठरला’ असं कुणी म्हणतं, तेव्हा मला राग येतो. ज्या गव्हावर त्याचा दावा उभा होता, त्याच गव्हात या खुणा पिढीगणिक पुसल्या जातात.

तरीही प्रत्येक खूण पुसली जाते, असं मानणंही चूक आहे. २०२५ मध्ये चिनी संशोधकांनी भातावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. परागकण तयार होण्याच्या नाजूक काळात थंडी लागली की भाताचे दाणे पोचट राहतात. या संशोधकांनी सलग तीन पिढ्या रोपांना त्याच वेळी थंडी दिली आणि प्रत्येक वेळी त्यातल्या त्यात चांगली भरलेली रोपं निवडली. ‘एसीटी१’ या जनुकाजवळचे मिथिल गट कमी झालेले आढळले. पुढच्या पाच पिढ्या थंडी न देताही थंडी सोसण्याचा गुण टिकला. हा पुरावा भक्कम आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पण इथेही दर पिढीला निवड करावीच लागली.

शिवाय टिकलेली खूण हिताचीच असेल, असंही नाही. मलेशियात ऊतिसंवर्धनानं वाढवलेल्या तेलताडांपैकी काहींना विचित्र फळं येऊ लागली: मूळ फळाभोवती जादा मांसल पाकळ्यांचं वेष्टण, आणि तेलाचा उतारा घसरलेला. झाड फुलून फळं धरेपर्यंत हा दोष दिसत नाही, तोवर काही वर्षांची मशागत वाया गेलेली असते. जनुकं तर सगळ्या रोपांत सारखीच. अखेर २०१५ मध्ये कारण सापडलं. ‘कर्मा’ नावाच्या डीएनएच्या तुकड्यावरचे मिथिल गट प्रयोगशाळेत वाढवताना गळून गेले होते.

म्हणून एकसारख्या शुद्ध वाणाचं बी वर्षानुवर्षं घरी राखलं, की ते आपोआप बदलत्या पावसाला सरावेल, या भरवशावर राहू नये. त्यात निवडण्याजोगा फरकच फार थोडा असतो. ‘स्वर्णा’ हा भात पुरात कुजायचा. २००९ मध्ये आलेला ‘स्वर्णा-सब१’ पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरतो. स्वर्णाला कितीही वेळा पुरात बुडवलं असतं, तरी हा गुण त्याच्यात असा आला नसता. तो देणारं ‘सब१ए’ हे जनुक ‘एफआर१३ए’ या ओडिशातल्या स्थानिक भातात होतं, आणि ते बियाणं कुणीतरी जपून ठेवलं होतं.