हौदा मालाचा, केबिन माणसांची

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मालगाडीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या जुन्नर तालुक्यातील कितीतरी मुलामुलींची फी टोमॅटो, कांदा आणि कोथिंबीर यांच्या पैशांतून भरली जाते. आणि हा माल बाजारात पोहोचवते ती पिकअप. आमच्या दारातही एक आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. ज्या गाडीच्या भाड्यावर ही पायरी चढता आली, तिचे गुण आणि मर्यादा समजून घ्याव्यात, असे मला वाटले.

पिकअपचा जन्म अमेरिकेतला. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती विकायला काढली. पुढे १९४८ साली या कंपनीची ‘एफ’ मालिका आली आणि १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी पिकअप म्हणून तिचा लौकिक झाला. तिकडची मोठी पिकअप साडेपाच ते सहा मीटर लांब असते. दोन ओळींच्या आसनांवर पाच-सहा माणसे ऐसपैस बसतात. हौद्यात साधारण १ टन माल जातो, पण मागे जोडलेला ४-५ टनांचा गाडा ती सहज ओढते. शेतकरी, सुतार, गवंडी यांचे काम आणि मुलाबाळांचा प्रवास तिथे एकाच गाडीत भागतो.

आपल्याकडची पिकअप आकाराने लहान. पण ओढण्यापेक्षा वाहण्यात तिचे बळ अधिक. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनी मुंबईत विलिज जीप जोडू लागली. त्याच परंपरेतली बोलेरो २००० साली आली आणि तिच्यावर बेतलेली पिकअप आज खेडोपाडी दिसते. प्रकाराप्रमाणे तिचे पासिंग १.३ ते १.७ टन असते. २००५ साली आलेली टाटांची ‘एस’ पाऊण टनाची. लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले, ते उगाच नव्हे.

एवढे ओझे ही गाडी पेलते कशी? तिच्या पोटाखाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट असते. इंजिन, केबिन आणि हौदा या चौकटीवर बसवलेले असल्याने ओझ्याचा ताण केबिनच्या पत्र्यावर न येता चौकटीवर येतो. मागच्या आसाला एकावर एक रचलेले पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते ताठ राहतात, म्हणून ती खड्ड्यात आदळते; माल भरला की पाटे दबतात आणि चाल सुधारते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. ओझे त्याच चाकांवर असल्याने भरलेल्या गाडीची चाके चढावर जमीन धरून ठेवतात. मात्र सारे वजन फाळक्याकडे रचले, तर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग हाताला लागत नाही. म्हणून जड माल केबिनच्या बाजूला भरावा, हे जाणता चालक हमालाला आधीच सांगतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पिकअपचा खरा गुण म्हणजे वेळ. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोंच्या क्रेटवर ठरतो. पन्नास-साठ क्रेट म्हणजे पिकअपची एक फेरी. एवढ्याशा मालासाठी मोठा ट्रक परवडत नाही आणि हुंडेकऱ्याची गाडी इतरांचा माल भरेपर्यंत हलत नाही. कोथिंबिरीच्या जुडीला तर तेवढाही दम नसतो. सकाळी हिरवीगार असलेली जुडी दुपारी मान टाकते. पिकअप बांधापर्यंत येते आणि माल भरला की निघते. नारायणगावला भाव पडला असेल, तर तीच गाडी ७५ किलोमीटरवरच्या पुण्याला वळवता येते. माल कुठे विकायचा, हे ठरवण्याची थोडीशी मोकळीक लहान शेतकऱ्याला या गाडीने दिली.

घराला तिचा आधार वेगळा. आमच्या गाडीने शेणखत वाहिले, घराच्या विटा वाहिल्या, धाकट्या बहिणीची खाट आणि पेटी वसतिगृहात पोहोचवली. थोरल्या बहिणीला रात्री दवाखान्यात नेले तेही तिनेच, पुढच्या सीटवर बसवून. शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला वडिलांनी कधी नाही म्हटले नाही.

पण इथेच एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लग्न, जत्रा, कांद्याची लागण, यांसाठी हौद्यात वीस-पंचवीस माणसे उभी करून नेण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. हौद्यात ना आसन, ना पट्टा. शिवाय उभी माणसे वळणावर एका बाजूला झुकतात. गाडीचा तोल जातो तो त्यामुळे. कायदाही इथे त्यांच्या पाठीशी नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना मात्र १९९४ च्या दुरुस्तीने विम्याचे संरक्षण आहे. म्हणजे अपघात झालाच, तर एका घरातला कर्ता माणूस जातो आणि गाडीवाल्याचे घर भरपाईपायी बुडते. जादा माल भरणेही स्वस्त नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठरवला.

त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निर्णय मात्र गाडीवाल्यांना दिलासा देणारा आहे. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला मालासकट ७,५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. त्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज नाही. पिकअप या मर्यादेत सहज बसते. गावातल्या अनेक तरुण चालकांची विम्याबाबतची धास्ती त्यामुळे कमी झाली.

कुटुंबासाठीच गाडी हवी असेल, तर दोन ओळींच्या आसनांची ‘कॅम्पर’ मिळते. तिच्यात पाच माणसे बसतात. हौदा तेवढा आखूड होतो. माल थोडा कमी, पण माणसे आत, असा तो सौदा आहे आणि ज्यांना झेपेल त्यांनी तो जरूर करावा.

आपल्यापैकी अनेक जण शिबिराला किंवा मित्राच्या लग्नाला जाताना सहज फाळक्यावर पाय देऊन हौद्यात चढतात. शिकलेल्या मुलांनी तरी एवढे करावे: केबिनमध्ये जागा नसेल, तर एस.टी.ची वाट पाहावी. गाडीवाल्याला नाही म्हणायला संकोच वाटतो. तो आपणच दूर करायला हवा.