नियम पाठ, पण जीभ अडते

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्ग मागे टाकून उमरग्यात शिरतो, तिथल्या बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषा चालतात. मराठीभाषक व्यापाऱ्याला कन्नड व्याकरणाचा एक नियम विचारा, सांगता येणार नाही. पण भाव ठरवताना त्याचं काही अडत नाही. उलट शाळेत दहावीपर्यंत आलेला मुलगा इंग्रजीचे नियम धडाधड म्हणतो आणि दोन वाक्यं बोलायला सांगितलं की खाली बघतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी ही गत. मग ‘व्याकरण शिकवणंच बंद करा’ म्हणणारे पुष्कळ निघतात. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे.

उरलेलं निम्मं बाजारातच ऐकायला मिळतं. कन्नडमध्ये माणसं आणि देव सोडले तर लिंगाची भानगड नाही. कल्लु म्हणजे दगड, मने म्हणजे घर, गोडे म्हणजे भिंत. सगळ्यांना एकच ‘अदु’. मराठीत मात्र तो दगड, ते घर, ती भिंत. त्यामुळे घरी कन्नड बोलणारा माणूस वर्षानुवर्षं मराठीत व्यवहार करूनही ‘ते भिंत पडलं’ म्हणून जातो. ऐकणाऱ्याला अर्थ कळलेला असतो, कुणी टोकत नाही, आणि चूक मुरते. सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये लिहिलेला निबंध भाषाविज्ञानात गाजला, तो अशाच मुरलेल्या वळणांमुळे: तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दूत शब्द वेगवेगळे, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक.

दखनीचं, म्हणजे इथल्या बोली उर्दूचंही तसंच. ‘मैं रोटी खाया’ हे दखनीत शुद्ध आहे. त्याला कुणी अशुद्ध म्हणू नये, तो त्या भाषेचा नियमच आहे. पण निजामी अमलात, जेव्हा धाराशिवचा महसुली कारभार उर्दूत चाले आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदवीचं शिक्षणही उर्दूतून मिळे, तेव्हा अर्ज लिहायला लागायचं ‘मैंने रोटी खाई’. बाजारातल्या कानाला हा ‘ने’ मिळणं कठीण. तो पुस्तकातूनच यायचा.

तान्ह्या मुलाला पुस्तक लागत नाही. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं, की आठ महिन्यांचं बाळ सलग उच्चारांची निरर्थक माळ फक्त दोन मिनिटं ऐकून कोणते उच्चार नेहमी जोडीने येतात हे हेरतं. मोठ्यांचा मेंदू वेगळ्या घाईत असतो. त्याला आधी अर्थ हवा असतो. अर्थ लागला की शब्दाच्या शेपटीकडे तो ढुंकून बघत नाही. रिचर्ड श्मिट यांनी 1983 मध्ये हवाईतल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात त्याला ‘वेस’ हे नाव दिलं आहे. तीन वर्षांत वेस इंग्रजीत गप्पा, ओळखी, धंदा सगळं करू लागला, पण त्याचं व्याकरण जवळजवळ होतं तिथेच राहिलं. श्मिट यांनी पुढे मांडलं, की जे लक्षात येत नाही ते शिकलं जात नाही. व्याकरणाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नियम बोलायला शिकवत नाही. काय ऐकायचं ते सांगतो.

भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांना हे मान्य नव्हतं. समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली की पुरे, असं त्यांचं मत. नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी 2000 साली 49 अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा नियम उघड करून शिकवणं अधिक परिणामकारक ठरलं. पण त्यातल्या बहुतेक चाचण्या गाळलेल्या जागा भरण्याच्या जातीच्या होत्या, मोकळ्या बोलण्याच्या नव्हेत. आपल्या परीक्षांसारख्याच!

‘ही गो’ नव्हे, ‘ही गोज’ हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं आणि बोलताना तो ‘स’ गळतो. मराठीत क्रियापद बदलत नाही म्हणून नव्हे. आपण ‘मी जातो, तू जातोस, ते जातात’ असं सतत बदलतोच. पण ‘ही’ म्हटल्यावर कर्ता कळलेला असतो, शेवटचा ‘स’ नवं काही सांगत नाही. वेगवेगळ्या मातृभाषांच्या माणसांना हा ‘स’ उशिराच साधतो. मेंदूत माहितीची स्मृती वेगळी आणि सवयीची वेगळी, असं मायकेल उलमन मांडतात. पाठ केलेला नियम पहिलीत जाऊन बसतो. जिभेवर तो वापरानेच उतरतो. म्हणून पाठांतराने गुण मिळतात, संभाषण मिळत नाही.

उमरगा, लोहारा, तुळजापूर भागातल्या शिक्षकांच्या हाताशी एक साधन फुकट आहे: मुलांच्या घरच्या भाषा. ‘मी भाकरी खाल्ली’ हे कन्नडमध्ये कसं म्हणतात, ते कन्नड घरातल्या मुलाला विचारावं. तो सांगेल, ‘नानु रोट्टि तिंदे’. मराठी क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे बदलतं, कन्नड ‘नानु’प्रमाणे, आणि इंग्रजी ‘एट’ कुणासाठीच बदलत नाही. तांड्यावरच्या बंजारा मुलाला त्याच्या गोरमाटीत विचारावं. पंधरा मिनिटांत वर्गाला कळेल की व्याकरण म्हणजे व्याख्या नव्हे. मग इंग्रजी गोष्ट वाचून दाखवावी, त्या दिवशी एकच नियम घ्यावा, आणि तो लगेच प्रत्येकाला आपल्या घरच्या गोष्टीत वापरायला लावावा. यासाठी वेगळा तास मागायची गरज नाही. व्याख्या घोकून घेण्यात जातो, तो तास यासाठी वापरावा.