तोकाइदोची चित्रमालिका

एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो नामक राजमार्गावरील ५३ मुक्काम उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याने ज्या काष्ठमुद्रित मालिकेत चितारले, ती १८३३-३४च्या सुमारास प्रसिद्ध झाली. आरंभीचा निहोनबाशी पूल व अखेरचे क्योतो धरून तिची चित्रे ५५ भरतात. चित्रकाराने रेखाटन करावे, कोरक्याने ते चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेषा तेवढ्या उठावात राखाव्यात, छापणाऱ्याने प्रत्येक रंगाच्या फळीवर ओलसर कागद कोपऱ्यातील खाचेत नेमका बसवून पाठीवरून चकतीने घासावा, आणि भांडवलदार प्रकाशकाने तपासनिसाचा शिक्का घेऊन माल विक्रीस मांडावा, अशी या धंद्याची वहिवाट होती.

या मालिकेतील ‘शोनो’ या मुक्कामाच्या चित्रात तिरप्या सरींत पालखीचे भोई चढणीवर धावत आहेत, छत्रीवाला विरुद्ध दिशेस उतरत आहे, आणि मागील वृक्षराजी करड्या छटांत विरत गेली आहे. अशा उतरत्या छटा फळीवरील ओला रंग हलक्या हाताने पुसत नेऊन साधत. त्या काळी प्रवासास परवाना लागे व नाक्यांवर झडती होई. साहजिकच, ज्यांस घर सोडणे अशक्य होते अशा सामान्य नगरवासीयांसही ही स्वस्त चित्रे विकत घेऊन तो सारा मार्ग पाहता येई.