चेक जमा झाला, म्हणजे पैसे मिळाले?

बिरसाहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या माझ्या मावसभावाचा परवा फोन आला. "दादा, घरबसल्या नोकरी मिळाली! मुलाखतसुद्धा नाही. लॅपटॉपसाठी चेक आलाय, तो भरून त्यांच्या दुकानदाराला पैसे पाठवायचेत."

म्हटलं, "थांब, एक डॉलरही पाठवू नकोस."

तिथे चेकची रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात दिसते. पण चेक खोटा असल्याचं कळायला कधी कधी आठवडे लागतात. मग बँक सगळी रक्कम आपल्याकडूनच वसूल करते, आणि आपण पाठवलेले पैसे परत येत नाहीत.

खरी कंपनी पगार देते. तुमच्या खात्यातून पैसे फिरवत नाही. भारतात असं फसलात, तर लगेच १९३० वर फोन करा. अमेरिकेत आधी बँकेला, मग एफटीसीला कळवा.

भाऊ वाचला, कारण त्यानं आधी विचारलं. तुम्हीही घरी विचारा. त्यात लाज कसली?