पडदा, फळा आणि मुलांचे डोळे

जून-जुलै आला की दवाखान्यात दाखले मागणाऱ्यांची रांग लागते. त्यात डी.एल.एड. आणि बी.एड.ला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींचा एक गट दरवर्षी असतो. शारीरिक पात्रतेच्या दाखल्यासाठी या भावी शिक्षकांचे वजन, रक्तदाब, नजर तपासता तपासता गप्पा होतात. यंदा कोपरखैरण्याच्या एका मुलीने मलाच प्रश्न टाकला. "डॉक्टर, वर्गात आम्हाला ऑनलाइन शिक्षणाचे फायदे-तोटे मांडायचे आहेत. तोट्यांमध्ये सगळेजण 'डोळ्यांवर ताण येतो' एवढे लिहितात आणि पुढे जातात. हा ताण म्हणजे नक्की काय? आणि शिक्षक म्हणून आम्ही त्यात काय करू शकतो?"

प्रश्न रास्त आहे. त्याचा दुसरा भाग तर अधिकच रास्त. मुलाने पडद्याकडे किती वेळ, किती अंतरावरून आणि रात्री किती वाजेपर्यंत पाहायचे, हे आता पुष्कळ अंशी शिक्षक ठरवतात. गृहपाठ व्हॉट्सॲपवर आला की आई मोबाइल मुलाच्या हातात देणारच. रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांसमोर तिला सविस्तर सांगता आले नाही, म्हणून या आठवड्याचा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सर्व छात्राध्यापकांसाठी.

पडदा आपल्या शाळांना नवा नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना दूरदर्शनवरची 'बालचित्रवाणी' आठवत असेल. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली ही संस्था शालेय कार्यक्रम तयार करीत असे. २०१७ साली ती बंद झाली. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, आणि अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून संगणक व प्रोजेक्टर घेतले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. त्याच क्यूआर कोडच्या कामासाठी ओळखले जाणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली! तेव्हा यंत्र आले म्हणून शिक्षण बिघडले, असा सूर मी लावणार नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात हे फळ्यावर खडूने शंभर वेळा काढले तरी जे कळत नाही, ते दोन मिनिटांच्या चित्रफितीत कळते. पाय मोडून महिनाभर घरी पडलेल्या मुलाला किंवा वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाला बुडालेला पाठ घरी पाहता येतो. अंधुक दिसणाऱ्या मुलाला अक्षर मोठे करून वाचता येते. हा लाभ लहान नव्हे.

पण डॉक्टर म्हणून मला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. बालचित्रवाणीच्या काळात टीव्ही खोलीच्या एका टोकाला आणि मुले दुसऱ्या टोकाला असत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पडदा एकदम हातात आला. राज्याच्या शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. लहान मुलांना त्याहूनही अधिक थांबावे लागले. 'असर'च्या २०२० च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या सुमारे ६२ टक्के घरांत स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. बहुतेक घरांत फोन म्हणजे वडिलांचा एकच. आपल्याकडे दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्तीतल्या एका खोलीच्या घरात त्याच फोनवर दोन भावंडे डोके जुळवून वर्ग करीत. पडदा तडकलेला, आवाज बारीक, डेटा संपत आलेला. शाळा उघडल्या, पण हातातला पडदा काही परत गेला नाही.

आता ताणाविषयी. डोळ्यात एक भिंग असते आणि त्याभोवती एक बारीक स्नायू. लांबचे पाहताना हा स्नायू सैल असतो. जवळचे पाहताना तो आवळतो आणि भिंग फुगीर होते. किती जोर लागतो ते डायऑप्टरमध्ये मोजतात. तीन मीटरवरचा टीव्ही पाहायला जेमतेम एक तृतीयांश डायऑप्टर पुरतो. पुस्तक फूटभर अंतरावर धरले तर तीन लागतात. मोबाइल वीतभर अंतरावर आणला की पाच. दहा वर्षांच्या मुलाची ताकद बारा-चौदा डायऑप्टरची असते, म्हणून ते तक्रार करीत नाही. आईला चाळिशी लागलेली, तिला ती बारीक अक्षरे दिसत नाहीत, मुलाला दिसतात. मग घरचे म्हणतात, "त्याची नजर एकदम तेज आहे!"

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. जन्माच्या वेळी डोळ्याच्या गोळ्याची लांबी सुमारे सतरा मिलिमीटर असते, मोठेपणी ती चोवीसच्या आसपास स्थिरावते. काही मुलांत ही वाढ वेळेवर थांबत नाही. गोळा जरुरीपेक्षा एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच ते तीन नंबरचा वजा चष्मा लागतो. लांबलेला गोळा पुन्हा आखूड होत नाही. गाजर खाऊन, डोळ्यांवर पाणी मारून किंवा व्यायाम करून नंबर उतरतो, हा निव्वळ गैरसमज आहे. नंबर सहाच्या पुढे गेला तर मोठेपणी पडदा सरकण्याचा, काचबिंदूचा धोका वाढतो. इथे पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला, दृष्टिपटल. जगाची निम्मी लोकसंख्या २०५० पर्यंत लघुदृष्टीची होईल, असा अंदाज २०१६ मध्ये तज्ज्ञांनी मांडला आहे.

यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. आईवडील दोघांना वजा नंबर असेल तर मुलाकडे अधिक लक्ष हवे. पण एवढ्या वेगाने वाढणारी गोष्ट केवळ रक्तातून येत नाही. सतत जवळचे काम आणि उन्हाचा अभाव, ही दोन कारणे पुढे आली आहेत. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज फक्त चाळीस मिनिटांचा एक मैदानी तास वाढवला, बाकीच्या शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, मैदानी तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. कोणते औषध नाही, यंत्र नाही, एक तास मैदानावर! तैवाननेही २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाला दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू नजरेचे प्रमाण नंतर उतरू लागले.

हे कसे घडते? भरपूर प्रकाशात दृष्टिपटलात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक तयार होते आणि ते गोळ्याच्या वाढीला लगाम घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसते. वर्गखोलीत तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. झाडाच्या सावलीतदेखील काही हजार लक्स मिळतात. म्हणजे भर उन्हात मुले भाजून काढायची गरज नाही. नवी मुंबईत सिडकोने सेक्टर आखताना शाळांजवळ मैदाने ठेवली, आणि मे महिना व जुलैचा धो-धो पाऊस सोडला तर बाहेर पडायला अडचण नसावी. अडचण वेळापत्रकाची असते. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी खेळाच्या तासाचा! हे करणारे शिक्षकच असतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मोबाइलवरची चिडचिड, जळजळ ही मात्र वेगळी बाब आहे आणि त्यामानाने किरकोळ. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. डोळा कोरडा पडतो, मूल डोळे चोळते. यावर सोपा नियम आहे: दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. खिडकीतून समोरची इमारत पाहिली तरी चालते. निळा प्रकाश अडवणारे 'ब्लू कट' चष्मे मात्र घाईने घेऊ नका. २०२३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला; साध्या काचेपेक्षा या चष्म्याने थकवा कमी होतो असे त्यात आढळले नाही. चष्म्याच्या दुकानात अर्थातच वेगळे सांगतील.

झोपेचा मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचे द्रव्य उशिरा सुटते. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. पण गृहपाठ रात्री साडेनऊला ग्रुपवर टाकला तर त्या आदेशाचा उपयोग काय? संध्याकाळी सहानंतर काही पाठवायचे नाही, असा नेम नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठेवा.

वेळेचे माप किती असावे, याला आधार आहे. जुलै २०२० मध्ये केंद्राने काढलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे सांगितली होती. बालवाडीसाठी अर्ध्या तासापेक्षा अधिक नाही, तेही पालकांशी बोलण्यासाठी. ही मापे टाळेबंदीच्या काळातली असली तरी माझ्या मते आजही पाठ टाचणात डोळ्यांसमोर ठेवावीत. शक्य तेथे छोट्या पडद्याऐवजी मोठा पडदा लांबून दाखवा. ऐकून होण्यासारखे असेल तर ध्वनिफीत पाठवा, मूल डोळे मिटूनही ऐकू शकते. फक्त हेडफोनचा आवाज निम्म्याच्या वर नको. उत्तर वहीत लिहायला सांगा. वहीचा फोटो काढून पाठवण्याचे काम पालकांवर टाकू नका.

तुमच्या स्वतःच्या घशाबद्दलही दोन शब्द. ऑनलाइन तास घेताना समोरून प्रतिसाद येत नाही, म्हणून माणूस नकळत ओरडून बोलतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर खडीसाखर चघळत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि 'टीईटी', अभियोग्यता चाचणीसाठी अंथरुणात पडून मोबाइलवर प्रश्नसंच सोडवणाऱ्यांची मान का दुखते, हे वेगळे सांगायला नको.

राहिली ती गोष्ट नजर तपासण्याची. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. त्यातील पथके सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुले तपासतात. पण पथक येते वर्षातून एखाद-दोनदा, शिक्षक मुलाला रोज पाहतात. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे मूल, डोळे बारीक करून पाहणारे, मान तिरकी करणारे, एकाएकी चेंडू चुकवू लागलेले, मागच्या बाकावर गेल्यापासून 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेले. अशांना आधी तपासावे, मग रागवावे. इंग्रजी 'ई' अक्षराचा तक्ता आणि सहा मीटर मोजलेली सुतळी, एवढ्यावर प्राथमिक तपासणी होते आणि शिक्षकांना ती शिकवताही येते. एकेक डोळा हाताच्या तळव्याने झाकून पाहायचे, बोटांनी नव्हे, कारण फटीतून मूल डोकावते. शंका आली तर वाशी, नेरूळ किंवा ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात नेत्रतपासणीसाठी पाठवावे. नंबर वेगाने वाढत असेल तर त्यावर थेंबांचे औषध आहे, पण ते नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. औषधांच्या दुकानातून परस्पर आणू नये.

चष्मा मिळाल्यावरही काम संपत नाही. पुष्कळ मुले, विशेषतः पाचवी-सहावीतल्या मुली, शाळेच्या फाटकापाशी चष्मा काढून दप्तरात टाकतात, कारण वर्गात कोणीतरी 'ढापण्या' किंवा 'चष्मिस' म्हणते. असा चष्मा वर्षभर दप्तरात पडून राहतो आणि पुढच्या तपासणीत नंबर वाढलेला निघतो. पहिल्या दिवशी त्या मुलीला पुढच्या बाकावर बसवून, चिडवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवले, तर चष्मा डोळ्यांवर राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.