उनहत्तर म्हणजे किती?

वही तिसरीतल्या एका पोराची होती. बाईंनी संख्या बोलायच्या, पोरांनी आकड्यात लिहायच्या, असा साधा सराव. दहापैकी नऊ बरोबर. फक्त 'उनहत्तर' ऐकून त्यानं लिहिलं होतं ७९, आणि त्यावर लाल शाईची मोठी फुली.

लोधीखेड्याच्या एका शाळेत, महिन्याच्या शैक्षिक संवादाला, ती वही सतरंजीवर मधोमध उघडी पडली होती. आम्ही अठरा-वीस शिक्षक भोवती बसलेलो. महाराष्ट्रात याला शिक्षण परिषद म्हणतात आणि ती केंद्रप्रमुख घेतात. आमच्याकडे मध्यप्रदेशात जनशिक्षा केंद्र असतं, जनशिक्षक असतात आणि या बैठकीला संवाद म्हणतात. पहिला तास नेहमीप्रमाणे हजेरीचा कागद, मोबाईलवर भरायची माहिती आणि मिशन अंकुर या सरकारी मोहिमेच्या सूचना यात गेला. मग पोहे आले, चहा आला आणि त्यानंतर बाईंनी पिशवीतून वह्या काढल्या. संवाद खरा सुरू झाला तो तिथून.

"चुकलंच आहे ना, सर?" बाईंनी विचारलं.

एक वयस्क गुरुजी वही जवळ ओढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोराले विचारलं का तुम्ही, कसं काढलं म्हणून?"

विचारलं होतं. पोरगा म्हणाला होता, "हत्तर म्हणजे सत्तरवालं. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. आन् उन म्हणजे नऊ. उन्नीस, उनतीस, सबमध्ये नऊच येते ना जी."

खोली एकदम शांत झाली. पोराचा प्रत्येक धागा बरोबर होता. घरात मराठी, शाळेत हिंदी, दोन्हीकडून त्यानं नियम उचलला आणि प्रामाणिकपणे लावला. हिंदीत इकहत्तरपासून पुढचे सगळे 'हत्तर' सत्तरीतलेच, एकटा उनहत्तर साठीत राहतो. मराठीत हाच आकडा एकोणसत्तर. त्यात सत्तर अख्खा ऐकू येतो, आणि एकोण म्हणजे एक ऊन, एकानं कमी. म्हणजे या पोराच्या घरच्या बोलीत उत्तर तयार होतं. आम्ही ते त्याला वापरू दिलं नव्हतं.

मग फळ्यावर दोन रांगा लिहून काढल्या. हिंदी उन्यासी, मराठी एकोणऐंशी. तिथवर दोन्ही भाषा एकाच चालीनं चालतात. नव्वदीच्या तोंडाशी मात्र हिंदी चाल मोडते आणि थेट नवासी म्हणते, मराठी एकोणनव्वद म्हणून नियम पाळते. नव्याण्णवला दोघीही नियम सोडतात. वीस वर्षं शिकवूनही या दोन रांगा मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

ही दोन भाषांची ओढाताण जुनी आहे. सौंसर आणि पांढुर्णा हा आमचा मराठी पट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. बाजार नागपूरचा, सोयरीक विदर्भातली, पुस्तक मात्र भोपाळहून येतं. गणिताला भाषा लागत नाही असं म्हणणाऱ्यानं इथं एक दिवस तिसरी-चौथी सांभाळून पाहावी. आमच्या पोरांना बेरीज शाळेत 'जोड़' म्हणून भेटते, हातचा 'हासिल' होतो, छेदाचा 'हर' होतो, त्रिकोणाचा 'त्रिभुज'. अपूर्णांकाचा धडा निघाला की फळ्यावर 'भिन्न' लिहितात. मराठी घरातल्या पोराच्या कानाला भिन्न म्हणजे वेगळं. काय वेगळं, कशापासून वेगळं, याचा पत्ता लागेपर्यंत धडा पुढं गेलेला असतो. आणि तेच पोरगं आठवडी बाजारात आईबरोबर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अगदी सहज बोलत असतं.

संख्यांच्या नावांवरून महाराष्ट्रातही २०१९ साली मोठा गदारोळ झाला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असंही वाचन दिलं होतं. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्र्याण्णव, सत्त्याऐंशी असली जोडाक्षरं लहान पोरांच्या तोंडी बसत नाहीत, शिवाय आधी एकक आणि मग दशक असं उलट बोलावं लागतं, ही त्यामागची बाजू. मराठी बुडवली म्हणून टीका झाली. त्या वादात कुणी काही म्हणो, माझ्यापुरतं सांगतो: नारळीकरबाईंनी हात घातला होता तो दुखऱ्या जागीच. उनहत्तरवाली वही बघताना मला त्यांचीच आठवण आली.

असं वहीवरून बोलणं प्रशिक्षणात क्वचितच होतं. मी पुष्कळ प्रशिक्षणं केली आहेत. एका ठिकाणी तर पाच दिवस पडद्यावरचं वाचून दाखवलं गेलं, आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून आम्हाला अशी ती उतरंड. वरून निघालेलं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत जिरून जातं, आणि खालून वर काही जातच नाही. आमच्याच राज्यात याहून वेगळं घडलेलं आहे. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ मिडल स्कूलांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढं १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो चालवला. त्यात शिक्षकांची मासिक गोष्ठी असे. वर्गात काय जमलं, काय फसलं, पोरांनी काय विचारलं, हे शिक्षक तिथं मांडत आणि त्यातून पुस्तकं बदलत. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. जपानात तर शिक्षक मिळून एक धडा आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागं बसून पोरांकडे बघतात आणि नंतर त्यावर बोलतात. तिथल्या शिक्षकांची ती जुनी रीत आहे. एवढ्यासाठी लागते ती एक सतरंजी, काही वह्या आणि आपलं चुकलेलं दुसऱ्यासमोर ठेवण्याची हिंमत. त्या बाईंनी ती दाखवली.

दुपारनंतर विषय निघाला वजाबाकीचा. सगळ्यांची तक्रार एकच: पोरं वरच्या आकड्यातून खालचा जात नसेल तर सरळ उलटं करतात, ५२ मधून १७ गेले की ४५ लिहून मोकळी होतात. सराव द्यावा तर कंटाळतात. तेव्हा गुरुजी उठले, खडू घेतला आणि म्हणाले, "कापरेकर मास्तर ऐकले आहेत का?"

द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत या शाळामास्तरांनी ६१७४ या संख्येची गंमत मांडली. आज जगभर ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. जे येईल त्याला पुन्हा तेच.

"आपला जिल्हा झाला ते साल घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

२०२३. गुरुजींनी ३२२० लिहिलं, खाली ०२२३. पहिल्याच वजाबाकीत तीनदा उसनं घ्यावं लागलं: एककाला दशकाकडून, दशकाला शतकाकडून, शतकाला हजाराकडून. आले २९९७. मग ९९७२ मधून २७९९, उरले ७१७३. ७७३१ मधून १३७७, उरले ६३५४. इथवर आम्ही सगळेच आपापल्या वहीत करत होतो. ६५४३ वजा ३४५६, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. एका सरांचं इथं चुकलं. शेजारच्या मॅडमनी बोट ठेवून दाखवलं, त्यांनी खोडून पुन्हा केलं. ८५३२ वजा २३५८.

"छह हजार एक सौ चौहत्तर!" "सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर!" दोन्ही भाषांत एकदमच आवाज आले.

पुन्हा तीच क्रिया केली तरी ६१७४च येतात. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथंच पोचते. सहा वजाबाक्या झाल्या होत्या आणि कुणाला कंटाळा आला नव्हता. ६१७४ येतच नसेल तर कुठंतरी चुकतंय हे सांगायला मास्तरही लागत नाही. पोरगं स्वतःच मागं जाऊन कुठं घसरलं ते शोधतं. प्रत्येकजण आपल्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घेऊन बसला. जनशिक्षकांनी घड्याळ दाखवलं तरी कुणी हललं नाही.

बसची वेळ झाली तेव्हा बाई वह्या गोळा करत होत्या. उनहत्तरवाली वही त्यांनी पिशवीत टाकली नाही. ती पुन्हा उघडली, लाल फुलीच्या खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: एकोणसत्तर, ७० − १. मग थोडं थांबून त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'तू कसं काढलंस ते सोमवारी सगळ्यांना सांग.'