भाडेकरूचा निरोप रात्री दोन वाजता येतो तेव्हा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत छोटे घरमालक पुष्कळ आहेत. कोणाला दुकानावरच्या दोन खोल्यांचे भाडे येते, कोणी भिवंडी-मालेगावात लूमचा गाळा दिला आहे, कोणाच्या माडीवर जरीकामाचा कारखाना चालतो. महिन्याला पावती फाडली की मालकाचे काम संपले, अशी समजूत असते. मग एका रात्री निरोप येतो आणि मालक धावत जाऊन आधी विचारतो, "हे केले कोणी?" आमच्या मते हा प्रश्न सकाळचा आहे. रात्री विचारायचे ते एवढेच, की माणसे सगळी बाहेर आली का?

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि मग १९०६ वर फोन करावा. दिव्या-पंख्याचे बटण चालू करायचे नाही, तसे बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळी उडते. वायरिंग पेटली तर आधी मेन स्विच पाडावा, त्यावर पाणी ओतू नये. हे सर्वांना ठाऊक असते. पण मीटरच्या खोलीला कुलूप असते आणि किल्ली मालकाच्या गल्ल्यात! दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या भाडेकरूकडे आजच द्यावी.

कारखान्याच्या गाळ्यात धोका जास्त. कारागीर रात्री तिथेच झोपतात, शटरला बाहेरून कुलूप लागते, जिन्यात मालाचे गठ्ठे रचलेले असतात. "तो भाडेकरूचा कारभार," असे म्हणून मालक मोकळा होतो. हे आम्हाला पटत नाही. कुलूप आतून उघडता आले पाहिजे आणि जिना मोकळा राहिला पाहिजे, या दोन अटी करारनाम्यात लिहून घ्याव्यात.

सर्वांत कठीण प्रसंग इमारतीचा. खांबाला नवी भेग पडते, प्लास्टर सुटते, कालपर्यंत नीट लागणारे दार अडकू लागते. अशा वेळी भाडेकरू बाहेर निघायला तयार होत नाही. त्याला छताची भीती असतेच, पण एकदा निघालो तर मालक परत घेणार नाही ही भीती त्याहून मोठी. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत जिलानी इमारत पहाटेच्या अंधारात कोसळली, तेव्हा लोक झोपेत होते. म्हणून भेग दिसताच मालकाने कागदावर लिहून द्यावे, की जागा दुरुस्तीसाठी रिकामी होत आहे, भाडेहक्क कायम आहे. दुरुस्तीनंतर भाडेकरूला जागा परत देण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात आहेच. पण मध्यरात्री कायद्याचे कलम कोण वाचतो? मालकाच्या सहीचा कागद हातात असला की सामान उचलले जाते.

फुटलेल्या पाइपाचे मात्र फार मनावर घेऊ नये. टाकीचा कॉक बंद करावा, प्लंबर सकाळी येईल.

भाडे थकलेले असले तरी तो राग इथे काढू नये. पाणी वा वीज तोडण्यास १९९९ च्या या कायद्याने मनाई केली आहे. उलट लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती टाळली, तर भाडेकरू स्वतः खर्च करून तो भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची.

आता विमा. आग विझल्यावर घाईने राख-ढिगारा उपसण्याआधी फोटो काढावेत, विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. मालकाने केवळ इमारतीचा विमा काढला असेल तर भाडेकरूचे सूत, कापड, मशीन त्यात येत नाही, आणि नेमके यावरूनच पुढे वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. करारनामा नवा करताना भाडेकरूला मालाचा वेगळा विमा काढायला सांगावे व पॉलिसीची एक प्रत आपल्या फाइलला लावून ठेवावी.